जुन्या डिझेल पिकअपचे परत परत येणारे मिसिंग: नोझल बदलण्यापूर्वी काय तपासावे

चार सिलिंडरचे डिझेल इंजिन स्लोवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, चालू असताना त्याच्या आवाजाला एक घट्ट लय असते. एक सिलिंडर काम करेनासा झाला की ती लय मोडते, तीन ठोके पडून चौथ्याची जागा रिकामी जाते आणि स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळी केबिन थरथरू लागते. आमच्या वाई तालुक्यात याला ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात. माझ्या पिकअपने दोन वर्षांत चार वेळा मिसिंग मारले. पहिल्या तिन्ही वेळा दुरुस्ती झाली, दुकानातून बाहेर पडताना गाडी उत्तम चालत होती, आणि काही महिन्यांनी थरथराट परत आला. ज्यांच्याकडे अशीच जुनी, यांत्रिक पंपाची डिझेल पिकअप आहे आणि ज्यांना ‘नोझल गेलंय’, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे टोक बिघडले आहे, हे एकाहून अधिक वेळा ऐकावे लागले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

गाडी २००४ सालची, अडीच लिटरच्या डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनाची आहे आणि तिच्या डिझेल यंत्रणेत इलेक्ट्रॉनिक असे काहीही नाही. आल्याच्या हंगामात ती सातारा मार्केट यार्डात जाते आणि स्ट्रॉबेरीच्या हंगामात पाचगणीकडून माल घेऊन पसरणी घाट उतरते. आमच्याकडे आल्याचा भाव ‘गाडी’वर ठरतो आणि एक गाडी म्हणजे ५०० किलो, अशा दोन गाड्या आले माझ्या पिकअपमध्ये बसते. एवढे वजन घेऊन चढ चढणाऱ्या इंजिनाचा एक सिलिंडर बंद असला, तर उरलेल्या तिघांवर तो भार पडतो, डिझेल जास्त जाते, आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. त्यामुळे ‘चालतेय तोवर चालवू’ ही भूमिका मिसिंगच्या बाबतीत महाग पडते.

हे खरोखर मिसिंगच आहे का

प्रत्येक थरथर म्हणजे मिसिंग नव्हे. इंजिनाच्या फाउंडेशनचे रबर फाटले असेल तरीही केबिन हलते, पण तेव्हा सायलेन्सरच्या तोंडाशी येणारा आवाज एकसारखा राहतो. म्हणून आधी गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरजवळ दोन मिनिटे शांतपणे ऐकावे. स्लोवर इंजिन मिनिटाला साधारण ७५० फेरे घेते असे धरले, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला ३७५ वेळा आणि सेकंदाला सहाच्या थोडे वर पेटतो. एक सिलिंडर कायमचा बंद असेल तर ती रिकामी जागाही सेकंदाला सहा वेळा, अगदी नियमाने येते; सायलेन्सरच्या तोंडासमोर तळहात थोडा दूर धरला तरी ते खंड हाताला कळतात. खंड अनियमित असेल, कधी दोन सलग ठोके चुकत असतील आणि कधी दहा सेकंद काहीच चुकत नसेल, तर दोष एका सिलिंडरात असण्याची शक्यता कमी होते आणि डिझेलमध्ये हवा किंवा पाणी येत असण्याची शक्यता वाढते. हा फरक मला फार उशिरा कळला.

घाटात जोर कमी पडणे ही आणखी वेगळी तक्रार आहे. पुण्याहून भरून येताना खंबाटकी घाटात गाडी दमते, पण वर पोचून उभी केल्यावर स्लोवर अगदी गोड चालते, असे असेल तर चारही सिलिंडर ठीक आहेत आणि त्यांना पुरेसे डिझेल पोचत नाही. फिल्टर, टाकीतील जाळी किंवा हवेचा फिल्टर यांपैकी काहीतरी तुंबलेले असते. त्यासाठी नोझलला हात लावण्याचे कारण नाही.

धुराचा रंगही थोडे सांगतो. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल येत आहे पण पेटत नाही. काळा धूर आणि ठोकण्याचा आवाज असेल तर नोझल गळते आहे असा संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे सिलिंडर आणि त्यांवरचे झाकण (हेड) यांमधल्या पट्टीकडे, पाहावे. मात्र मिसिंग असूनही धूर अजिबात नसेल, तर त्या सिलिंडरला डिझेलच मिळत नाही, ही खूण मला सगळ्यांत उपयोगाची वाटते.

कोणता सिलिंडर, हे आधी ठरवावे

यासाठी जुनी आणि खात्रीची चाचणी आहे. इंजिन स्लोवर चालू ठेवून एकेका इंजेक्टरवर (ज्याच्या टोकाला नोझल असते त्या भागावर) येणाऱ्या जाड पाइपचे युनियन नट १७ किंवा १९च्या पान्याने अर्धा फेरा सैल करायचे, आवाज ऐकायचा, नट परत घट्ट करायचे आणि पुढच्याकडे जायचे. चालू सिलिंडरचे नट सैल केले की इंजिन लगेच आणखी लंगडते. ज्या नटाने आवाजात काहीही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच बंद आहे.

ही चाचणी सोपी असली तरी निष्काळजीपणे करण्याची नाही. त्या पाइपमध्ये दोनशे बार किंवा त्याहूनही जास्त दाब असतो आणि बारीक फटीतून सुटलेली डिझेलची धार कातडीतून आत शिरू शकते. अशी जखम वरून टोचल्यासारखी दिसते, पण तिला तातडीने शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. डोळ्यांवर चष्मा घालावा, नटाभोवती जाड फडके गुंडाळावे, बोट फटीजवळ नेऊ नये आणि डिझेल गरम मॅनिफोल्डवर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडू देऊ नये. आणि एक गोष्ट अगदी निक्षून सांगतो: कॉमन रेल किंवा सीआरडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या नव्या इंजिनावर ही चाचणी कधीही करू नये, कारण तेथील दाब हजार बारच्या वर जातो. त्या गाड्यांची तपासणी स्कॅनर लावून करतात. हे सगळे लेखन यांत्रिक पंपाच्या इंजिनांपुरतेच आहे.

ज्यांना नट सैल करायचे नसेल त्यांनी थंड इंजिन सुरू करून दीड-दोन मिनिटांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही फाट्यांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे. बंद सिलिंडरचा फाटा इतरांपेक्षा स्पष्टपणे थंड असतो. थर्मामीटर नसेल तर चारही फाट्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाकून पाहता येतो. तीन ठिकाणी थेंब चटकन उडून जातो आणि एका ठिकाणी तो रेंगाळतो. इंजिन पूर्ण तापल्यावर मात्र हा फरक पुसट होतो, म्हणून ही तपासणी सकाळची पहिली सुरुवात करतानाच करावी.

इंजेक्टरची अदलाबदल

बंद सिलिंडर सापडला की बहुतेक ठिकाणी त्याचे नोझल बदलतात. माझ्या मते हीच घाई नडते. आपल्या सातारा-सांगली भागात डिझेल इंजिन गावोगावी पोचले ते विहिरीवरच्या पंपामुळे. पलूसजवळची किर्लोस्करवाडी १९१० साली वसली आणि पुढच्या पिढ्यांचे कितीतरी मिस्त्री एका सिलिंडरच्या पंपाच्या इंजिनावर हात बसवून तयार झाले. त्या इंजिनात कोणता सिलिंडर बंद आहे हा प्रश्नच येत नाही, आणि नोझल साफ केले की पुष्कळदा काम होते. तो हातचा उपाय चार सिलिंडरच्या गाडीवरही प्रथम वापरला जातो, असे मला वाटते. पण चार सिलिंडर असण्याचा एक मोठा फायदा आहे: एकाची दुसऱ्याशी तुलना करता येते.

समजा तिसरा सिलिंडर बंद आहे. तिसऱ्याचा इंजेक्टर काढून पहिल्यात बसवावा आणि पहिल्याचा तिसऱ्यात. गाडी सुरू करून युनियन नटाची चाचणी पुन्हा करावी. आता पहिला सिलिंडर बंद पडला असेल, तर दोष इंजेक्टरबरोबर गेला, म्हणजे नोझलच खराब आहे आणि त्यावर खर्च करणे योग्य आहे. तिसराच बंद राहिला असेल, तर इंजेक्टर निर्दोष आहे आणि दोष त्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये (हवा दाबून धरण्यात), व्हॉल्व्हमध्ये, त्याच्याकडे येणाऱ्या पाइपमध्ये किंवा पंपातील त्याच्या भागात आहे. एका तासाच्या या कामासाठी नवा सुटा भाग लागत नाही, फक्त इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर तेवढे नवे घ्यावे लागतात. जुना वॉशर आत चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसला, तर नोझलचे टोक वर राहते आणि डिझेलचा फवारा चुकीच्या जागी पडतो. म्हणून टॉर्च लावून आत पाहून जुना वॉशर निघाल्याची खात्री करावी. इंजेक्टरच्या बसण्याच्या जागेभोवतीची काजळीही साफ करावी. तेथून दाब सुटत असेल तर चालू इंजिनात फुसफुस ऐकू येते आणि भोवती काळे डांबरासारखे थर जमतात.

तीन बिले

माझ्या गाडीत पहिल्या वेळी ही अदलाबदल केली नव्हती. पावसाळा होता, नोझल बदलले, फिल्टर बदलला, गाडी चालू लागली. दिवाळीच्या सुमारास दुसऱ्यांदा तेच झाले, आणि फेब्रुवारीत, ऐन स्ट्रॉबेरीच्या दिवसांत, तिसऱ्यांदा. तोपर्यंत मी घरात सर्वांना ‘परत तेच झालं’ असेच सांगत होतो. एके संध्याकाळी खर्चाचा हिशेब लावताना डॅशबोर्डच्या कप्प्यातली तिन्ही बिले समोर ठेवली, तेव्हा पहिल्यावर ‘३ नं. नोझल’, दुसऱ्यावर ‘१ नं. नोझल’ आणि तिसऱ्यावर ‘२ नं. नोझल’ असे लिहिलेले दिसले. मी ज्याला एकच दोष समजत होतो तो दर वेळी वेगळ्या सिलिंडरात होता.

या एका गोष्टीने तपासाची दिशाच बदलली, म्हणून ती येथे ठळकपणे मांडतो. मिसिंग दर वेळी त्याच सिलिंडरात येत असेल, तर कारण त्या सिलिंडरचे स्वतःचे असते. मिसिंग दर वेळी वेगळ्या सिलिंडरात येत असेल, तर कारण चौघांना सामाईक असलेल्या वस्तूत शोधावे लागते, आणि चौघांना सामाईक असते ते डिझेल, ती टाकी, तो फिल्टर आणि ती लाइन. नोझल खराब झाली होती हे खरेच होते, मिस्त्रींनी काही खोटे सांगितले नव्हते. पण ती खराब होत होती याला कारण होते, आणि ते कारण पुढच्या नोझलचीही वाट पाहत टाकीत बसले होते.

टाकीच्या तळाचा ड्रेन बोल्ट सोडून पहिले अर्धा लिटर डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेतले आणि तासभर हलवले नाही. डिझेल पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे पाणी असेल तर ते खाली बसते आणि मध्ये रेषा दिसते. माझ्या बाटलीत तळाशी दोन बोटे पाणी होते, त्यात गंजाचे तांबूस पापुद्रे होते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर काळपट, बुळबुळीत थर होता. पाणी साठून राहिलेल्या टाकीत त्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि असा गाळ तयार होतो. तोच फिल्टर तुंबवतो.

पाणी आले कोठून, हेही शोधले. टाकीच्या झाकणाचे रबर भेगाळून कडक झाले होते, आणि पावसाळ्यात गाडी कित्येक रात्री पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावर उघड्यावर उभी असे. महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा ठिकाणी झाकणाची लहानशी फटही पुरते. त्याखेरीज अर्धवट रिकाम्या टाकीतील दमट हवा रात्री थंड झाली की आतल्या पत्र्यावर दव धरते आणि ते ओघळून तळाला जाते. पंपावरून खराब डिझेल मिळाले असा संशय मी आधी घेतला होता, पण डिझेल तीन-चार वेगवेगळ्या पंपांवर भरत होतो आणि झाकणाचे रबर हातात आल्यावर तो संशय ठेवण्याचे कारण उरले नाही.

नोझलच्या आतील सुई आणि तिचे घर यांच्यात केवळ काही मायक्रॉनचे अंतर असते, आणि त्या दोहोंना वंगण मिळते ते डिझेलचेच. पाण्याला ते वंगणाचे काम करता येत नाही. गाडी एक-दोन दिवस उभी राहिली की आत अडकलेल्या पाण्याने सुईवर गंजाचे ठिपके पडतात आणि ती अडकू लागते. बंद अवस्थेत अडकली तर डिझेल येत नाही, उघडी अडकली तर डिझेल गळते. चौघांपैकी कोणती सुई आधी जाईल हे सांगता येत नाही, म्हणूनच बिलांवर वेगवेगळे आकडे होते. दर दुरुस्तीनंतर गाडी दोन-तीन महिने चांगली का चालत होती, याचेही उत्तर यातच आहे: नोझलबरोबर फिल्टरही बदलला जात होता आणि त्याच्या तळाच्या भांड्यातले पाणी आपोआप काढले जात होते. ते भांडे पुन्हा भरेपर्यंतची ती मुदत होती.

त्यानंतर टाकी उतरवली. आत डिझेल आणि धुतलेली बारीक खडी घालून ती हलवून हलवून गंज पाडला, तीन वेळा डिझेलने खंगाळली, आतली जाळी नवी घातली, टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या पाइपांतून हवा मारली आणि फिल्टर बदलला. टाकीला कोठे भोक असेल तर ते कोणीही आहे तशा स्थितीत वेल्डिंग करू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ असते आणि तिचा स्फोट होतो. चारही नोझल एकाच वेळी पंप-नोझलच्या दुकानात टेस्टिंग मशिनवर लावून घेतली. तेथे तीन गोष्टी पाहायला सांगाव्यात: फवारा किती दाबाला सुटतो, त्याचा आकार सगळ्या छिद्रांतून सारखा येतो का, आणि दाब थोडा कमी ठेवल्यावर टोकाशी थेंब जमतो का. अपेक्षित दाब प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात दिलेला असतो आणि चौघांचा दाब एकमेकांशी जुळणे तितकेच महत्त्वाचे असते. माझ्या चौथ्या क्रमांकाचे नोझल, ज्याची अद्याप तक्रार नव्हती, तेही थेंब धरत होते.

नवे झाकण घेताना माझ्याकडून एक चूक झाली. दुकानात मिळालेले पहिले झाकण बसवले, ते घट्टही बसले, पण त्याला हवा आत घेण्याचे छिद्र नव्हते. पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर गाडी दमू लागली आणि झाकण उघडताच फस्सकन हवा आत गेली. टाकीत हवा आत येण्याची वाट बंद असेल तर डिझेल खेचताना आत निर्वात तयार होतो आणि पंपाला डिझेल पुरत नाही. असा संशय असेल तर झाकण थोडे सैल ठेवून जवळच एक फेरी मारून पाहावी.

डिझेल लाइनने हवा धरणे

सामाईक कारणांमध्ये पाण्याच्या खालोखाल हवा येते. यात एक फसवी गोष्ट आहे. टाकीतून डिझेल खेचणाऱ्या फीड पंपाच्या पुढे, म्हणजे पंप ते फिल्टर ते मुख्य पंप या भागात, डिझेल दाबाखाली असते, त्यामुळे तेथे सैल जोड असेल तर डिझेल बाहेर पाझरते आणि डोळ्यांना दिसते. पण टाकी ते फीड पंप या भागात डिझेल खेचले जाते. तेथे भेग असेल तर चालू गाडीत बाहेर थेंबही येत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून ‘लाइन कोरडी आहे, गळती नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये. फिल्टर आणि मुख्य पंप यांच्यामध्ये तात्पुरता पारदर्शक पाइपचा तुकडा बसवून इंजिन चालू करावे. एअर काढल्यानंतर पाच-दहा मिनिटांनीही बुडबुडे येत राहिले, तर एकेक जोड शोधावा: टाकीवरचा रबरी पाइप, क्लिपा, बँजो बोल्टचे वॉशर आणि हाताने डिझेल भरण्याच्या प्रायमरचे रबर. सकाळी सेल्फ जास्त मारावा लागणे, सुरू झाल्यावर मिनिटभर लंगडून मग ठीक होणे, ही हवेची नेहमीची लक्षणे आहेत. ज्या इंजिनांना हीटर प्लग असतात त्यांत एखादा प्लग गेल्यासही थंडीत असेच होते, तेव्हा तेही तपासून घ्यावेत.

चौथे मिसिंग

टाकीचे काम झाल्यावर सहा महिने गाडी निर्वेध चालली आणि नंतर चौथ्यांदा मिसिंग आले. आधी मन खचले, पण या वेळी लक्षण निराळे होते. सकाळी थंड इंजिन अगदी सरळ चालत असे. भरलेली गाडी पसरणी घाट चढून वर आली आणि उभी केली की मात्र स्लोवर थरथर सुरू होई. रेस वाढवली की ती लपत असे. वाईपासून पाचगणीपर्यंत पाचशे मीटरहून अधिक चढ आहे, आणि तो ओझ्यासह चढताना इंजिन त्याच्या कमाल उष्णतेला पोचते. नट सैल करून पाहिले, चौथा सिलिंडर बंद. त्याचा इंजेक्टर दुसऱ्यात बसवला, तरी चौथाच बंद. बाटलीतले डिझेल स्वच्छ होते.

दोष सिलिंडरबरोबर राहिला म्हटल्यावर कॉम्प्रेशन मोजले. डिझेलसाठी जास्त दाबाचा गेज लागतो, पेट्रोल गाडीचा चालत नाही. आणि तक्रार गरम इंजिनाची असेल तर मोजमापही गरम इंजिनावरच करावे लागते. पहिल्या तिघांचा दाब २७ ते २८ बार आला आणि चौथ्याचा २१. आकडा इंजिनागणिक बदलतो, पण सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत असू नये. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबल्याने तापलेली हवाच डिझेल पेटवते, त्यामुळे दाब एवढा कमी झाला की स्लोवर ठोके चुकणारच. दोन शेजारचे सिलिंडर एकदमच कमजोर असते, तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घेतला असता. येथे एकटा चौथा कमी होता.

हेड उतरवण्याची भाषा सुरू झाली, पण त्याआधी वरचे कव्हर काढून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवर ठेवलेला गॅप, पाहण्याचा आग्रह मी धरला. चौथ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टॅपेटमध्ये फिलर गेजची ०.०५ मिलिमीटरची सर्वांत पातळ पट्टीही जात नव्हती. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी तापली की लांब होते. तिला लांब होण्यासाठी जो गॅप ठेवलेला असतो तोच उरला नाही, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण टेकत नाही आणि दाब तेथून निसटतो. थंड असताना ठीक आणि घाट चढल्यावर मिसिंग, याचा उलगडा असा झाला. आठही टॅपेट पुस्तकात दिलेल्या मापाला, पुस्तकात सांगितलेल्या स्थितीत लावून घेतली, कारण काही इंजिनांना माप थंड असताना घ्यायचे असते आणि काहींना गरम असताना. त्यानंतर चौथ्याचा दाब २६ बार आला आणि वर पाचगणीत गाडी पुन्हा सरळ उभी राहू लागली.

टॅपेट नीट करूनही दाब वाढला नसता, तर व्हॉल्व्ह जळला आहे, रिंगा झिजल्या आहेत किंवा गॅस्केट गेले आहे, हे पाहण्यासाठी हेड उतरवणे भाग पडले असते. आणि दाब चौघांचा समान येऊनही त्याच सिलिंडरात मिसिंग राहिले असते, तर पंपातून त्या लाइनला येणारे डिझेल पाहावे लागले असते: चारही पाइप इंजेक्टरपासून मोकळे करून सेल्फ मारला की प्रत्येकातून सारख्या उड्या येतात की नाही ते दूर उभे राहून दिसते. एखादीची उडी मरतुकडी असेल तर पाइप दबला आहे का ते आधी पाहावे आणि मगच पंप खोलावा. पंप खोलणे हे सर्वांत खर्चाचे काम आहे, तेव्हा ते सर्वांत शेवटी.

आता दर रविवारी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून चमचाभर डिझेल बाटलीत काढतो आणि पावसाळ्यात संध्याकाळी टाकी भरूनच गाडी लावतो. वहीत तारीख, किलोमीटर, इंजिन थंड की गरम आणि सिलिंडरचा क्रमांक एवढे लिहितो. टॅपेट लावल्यापासून पाच हजार किलोमीटरनंतर चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट गॅप पुन्हा मोजला, तेव्हा तो इतर सातांच्या तुलनेत थोडा अधिक कमी झालेला आढळला. त्याचा अर्थ त्या व्हॉल्व्हची सीट झिजत आहे. मिसिंग अद्याप नाही, पण स्ट्रॉबेरीचा हंगाम आटोपला की हेड उतरवून सीटचे काम करून घ्यायचे ठरवले आहे, आणि तोवर तो गॅप दर दोन हजार किलोमीटरला मोजत आहे.